देशादेशांतील अंतर : मोजायचे कसे, वाचायचे कसे

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)



जगातील गरीब देश श्रीमंत देशांच्या जवळ येत आहेत की त्यांच्यापासून दूर जात आहेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. दोन तारखांचे आकडे घ्यावेत, तुलना करावी आणि उत्तर द्यावे, असे कोणालाही वाटेल. तेव्हा सुरुवात आकड्यांपासूनच करू.

आर्थिक इतिहासकार अँगस मॅडिसन यांनी जगातील देशांच्या उत्पन्नाची दीर्घकालीन आकडेवारी १९९० सालच्या आंतरराष्ट्रीय डॉलरमध्ये तयार केली. तीनुसार १९५० साली अमेरिकेचे दरडोई उत्पन्न सुमारे ९,५६० डॉलर होते, तर भारताचे सुमारे ६२०. २००८ साली हेच आकडे अनुक्रमे सुमारे ३१,१८० आणि २,९७५ असे झाले. १९५० मध्ये सरासरी अमेरिकी नागरिकाचे उत्पन्न सरासरी भारतीयाच्या साडेपंधरा पट होते, ते २००८ मध्ये साडेदहा पटीवर आले. म्हणजे आपण जवळ आलो. परंतु दोन्ही उत्पन्नांमधील फरक १९५० साली सुमारे ८,९४० डॉलर होता, तो २००८ मध्ये २८,२०० डॉलरवर गेला. म्हणजे आपण दूर गेलो. चार आकडे तेच, उत्तरे मात्र परस्परविरोधी! त्यात आणखी एक भर घाला. १९९० साली हे प्रमाण जवळजवळ पावणेअठरा पट होते. ज्याने आपला अभ्यास त्या वर्षी थांबवला असता, त्याला प्रमाणाच्या मोजपट्टीनेही दुरावाच दिसला असता.

या विषयासाठी अर्थशास्त्रात ‘अभिसरण’ ही संज्ञा वापरली जाते. मराठी वाचकाला या शब्दाने रक्ताभिसरण आठवेल. पण येथे अर्थ वेगळा आहे. शालेय विज्ञानात आपण अभिसारी आणि अपसारी भिंगे शिकलो. प्रकाशाचे किरण एका बिंदूकडे आणणारे भिंग अभिसारी, त्यांना पांगवणारे अपसारी. देशांच्या उत्पन्नाच्या रेषा एकमेकींकडे येत असतील तर अभिसरण, पांगत असतील तर अपसरण. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की अभिसरणाविषयीचे कोणतेही विधान ते कसे मोजले हे विचारल्याखेरीज स्वीकारू नये. कारण त्या विधानावर पुढे धोरणे उभी राहतात, आणि धोरणांवर माणसांचे आयुष्य.

अपेक्षेचा उगम

गरीब देश अधिक वेगाने वाढतील, ही अपेक्षा आली कोठून? तिला दोन आधार आहेत. पहिला आधार रॉबर्ट सोलो यांच्या १९५६ सालच्या वृद्धी प्रतिमानाचा. ज्या देशात प्रत्येक कामगारामागे यंत्रसामग्री कमी आहे, तेथे भांडवलाची थोडीशी भरही उत्पादनात मोठी वाढ घडवते. जेथे भांडवलाची आधीच रेलचेल आहे, तेथे तीच भर फारसे काही साधत नाही. एका विहिरीवर पहिला पंप बसवला तर शेत ओलिताखाली येते. त्याच विहिरीवर पाचवा पंप बसवून पाणी वाढत नाही. घटत्या सीमांत उत्पादकतेचा हा नियम खरा मानला, तर भांडवल कमी असलेल्या देशांची वाढ अधिक वेगाने व्हावयास हवी.

दुसरा आधार इतिहासाचा. अलेक्झांडर गर्शेनक्रॉन यांनी १९५२ मध्ये मागासलेपणाचेही काही लाभ असतात, असा विचार मांडला. उशिरा निघालेल्या देशाला वाफेच्या यंत्रापासून सारे नव्याने शोधावे लागत नाही. जगात सिद्ध झालेले तंत्रज्ञान तो थेट उचलू शकतो. जपानचे उदाहरण या विचाराला पोषक आहे. १९५० साली जपानचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या सुमारे एक पंचमांश होते. १९९० पर्यंत ते चार पंचमांशांवर पोहोचले.

परंतु एका जपानवरून जगाचा नियम ठरत नाही. तो ठरवण्यासाठी अनेक देश एकत्र मोजावे लागतात, आणि तेथूनच अडचणींना आरंभ होतो.

कोणाला मोजले?

१९८६ मध्ये विल्यम बॉमोल यांनी मॅडिसन यांच्या आकडेवारीच्या आधारे सोळा औद्योगिक देशांचा १८७० ते १९७९ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८७० साली जो देश मागे होता, तो पुढील शतकात अधिक वेगाने वाढला, असे त्यात स्पष्ट दिसत होते. निष्कर्ष आशादायक होता आणि त्याची चर्चाही खूप झाली.

दोनच वर्षांनी ब्रॅडफर्ड डी लाँग यांनी या अभ्यासातील मूलभूत दोष दाखवून दिला. हे सोळा देश निवडले गेले, ते १९७९ साली श्रीमंत होते म्हणून. शर्यत संपल्यावर अंतिम रेषेपाशी उभे असलेल्यांचीच नोंद घेतली, तर सर्व धावपटू एकत्र पोहोचले असे दिसणारच. वाटेत मागे पडलेल्यांची नोंदच झालेली नसते. १८७० साली उभे राहून भविष्याकडे पाहणाऱ्या गुंतवणूकदाराला ज्या देशांकडून आशा वाटली असती, त्यांत अर्जेंटिना आणि चिली होते, स्पेन आणि पोर्तुगालही होते. पहिल्या महायुद्धापूर्वी अर्जेंटिनाची गणना जगातील अग्रगण्य श्रीमंत देशांत होत असे. डी लाँग यांनी असे देश यादीत घेतले, जपानला वगळले, आणि अभिसरणाचा पुरावा जवळजवळ नाहीसा झाला. लँट प्रिशेट यांनी १९९७ मध्ये दृष्टी आणखी विस्तारली. १८७० ते १९९० या काळात सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब देशांच्या दरडोई उत्पन्नातील गुणोत्तर अंदाजे पाचपट वाढले, असा त्यांचा हिशेब होता.

यातून घ्यावयाचा धडा केवळ देशांच्या तुलनेपुरता नाही. एखाद्या योजनेच्या यशस्वी लाभार्थ्यांचीच पाहणी करून योजना यशस्वी ठरवणे, ही याच दोषाची घरगुती आवृत्ती होय.

वेग आणि विखुरणे

अभिसरण मोजण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत विचारले जाते, की आरंभी गरीब असलेल्या देशांचा वाढीचा दर अधिक होता काय? याला ‘बीटा अभिसरण’ म्हणतात. दुसऱ्या रीतीत विचारले जाते, की सर्व देशांच्या उत्पन्नाचे विखुरणे काळाबरोबर कमी झाले काय? यासाठी उत्पन्नाच्या लॉगॅरिथमचे प्रमाण विचलन दर वर्षी काढले जाते. याला ‘सिग्मा अभिसरण’ म्हणतात.

या दोन गोष्टी एकच आहेत असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. समजा, एका देशाचे उत्पन्न १०० आणि दुसऱ्याचे ५० आहे. काही वर्षांनी पहिला ५० वर घसरला आणि दुसरा १०० वर गेला. गरीब देश अधिक वेगाने वाढला, म्हणून बीटाची कसोटी उत्तीर्ण झाली. पण दोघांमधील अंतर तसूभरही कमी झाले नाही. केवळ जागांची अदलाबदल झाली. गरिबांची वाढ वेगवान असल्याखेरीज विखुरणे कमी होणार नाही हे खरे; परंतु वाढ वेगवान असली म्हणून विखुरणे कमी होईलच असे नाही.

या गफलतीचा इतिहास जुना आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या वारशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी ठेंगणी आणि फार ठेंगण्या आईवडिलांची मुले थोडी उंच निघतात, असे त्यात आढळले. म्हणून काही पिढ्यांनी सर्व माणसे एकाच उंचीची झाली काय? नाही. प्रत्येक पिढीत नवे उंच आणि नवे ठेंगणे जन्माला येतातच. मिल्टन फ्रीडमन यांनी १९९२ मध्ये आणि डॅनी क्वा यांनी १९९३ मध्ये अर्थतज्ज्ञांना याच तर्कदोषाची आठवण करून दिली. क्वा यांचे म्हणणे असे, की सरासरीकडे न पाहता देशांच्या संपूर्ण वितरणाकडे पाहावे. त्यांना त्यात एका शिखराऐवजी दोन शिखरे उभी राहताना दिसली : गरिबांचे एक, श्रीमंतांचे एक, आणि मध्ये विरळ होत जाणारी दरी.

अटी आणि कालावधी

मग सोलो यांचे प्रतिमान खोटे ठरले काय? तसेही नाही. प्रत्येक देश आपापल्या क्षमतेच्या पातळीकडे जातो, असे ते प्रतिमान सांगते. ती पातळी बचत, लोकसंख्यावाढ, शिक्षण आणि संस्थांची गुणवत्ता यांवर ठरते. हे घटक सारखे असलेल्या अर्थव्यवस्थांची तुलना केली, तर मागे असलेली अधिक वेगाने वाढताना दिसते. याला ‘सशर्त अभिसरण’ म्हणतात. रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील राज्यांचा अभ्यास करून अंतर दर वर्षी सुमारे दोन टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष काढला. या वेगाने निम्मे अंतर कापण्यास सुमारे ३५ वर्षे लागतात, म्हणजे जवळजवळ एका कामगाराची संपूर्ण कारकीर्द.

‘सशर्त’ हा शब्द मात्र काळजीपूर्वक वाचावा लागतो. शिक्षण आणि संस्था सारख्या असत्या तर देश जवळ आले असते, असे म्हणणे म्हणजे देश जवळ आले असे म्हणणे नव्हे. दोन रुग्णांचा आहार, निवारा आणि उपचार सारखे असते तर दोघेही सारखे बरे झाले असते, एवढेच विधान वैद्याने करून थांबावे, तसे ते आहे. प्रश्न मुळात त्या अटींच्या विषमतेचाच आहे.

येथे थोडे अंकगणित करू. श्रीमंत देशाचे उत्पन्न १०० आणि गरीब देशाचे १० धरा. पहिला दर वर्षी २ टक्क्यांनी आणि दुसरा ६ टक्क्यांनी वाढतो. ही गरीब देशाची उत्तम कामगिरी समजली पाहिजे. तरीही पहिल्या वर्षी दोघांतील फरक ९० वरून ९१.४ होतो. तो वाढतच जातो आणि सुमारे ३२ वर्षांनी १२४ च्या आसपास जाऊन मग उतरू लागतो. बरोबरी होण्यास सुमारे ६० वर्षे लागतात, आणि तीही या साठ वर्षांत एकही युद्ध, दुष्काळ वा वित्तीय संकट आड आले नाही तर. म्हणून प्रमाणातील घट हा प्रगतीचा खरा पुरावा असला, तरी सामान्य माणसाला प्रत्यक्ष दिसणारी दरी दीर्घकाळ रुंदावत राहते. ‘विकास झाला म्हणता, मग अंतर का वाढले?’ हा त्याचा प्रश्न अज्ञानातून आलेला नसतो. तो दुसरी मोजपट्टी वापरत असतो.

देश मोजावेत की माणसे?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्येक देशाला एक मत असते. अभिसरणाच्या बहुतेक अभ्यासांतही तसेच असते. भारत एक, आणि काही लाख लोकवस्तीचे बेटही एक. ब्रँको मिलानोविच यांनी ही अडचण पुढे ठेवून विषमतेच्या तीन संकल्पना वेगळ्या केल्या : देशांच्या सरासरींमधील विषमता, लोकसंख्येचा भार देऊन काढलेली विषमता, आणि जगातील सर्व व्यक्तींमधील विषमता.

या भेदाने चित्र कसे पालटते पाहा. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देश कर्जसंकटात आणि मंदीत सापडले. प्रत्येक देशाला एकच मत दिले, तर त्या काळात विषमता वाढलेली दिसते. त्याच काळात चीनने १९७८ नंतरच्या सुधारणांनी आणि भारताने १९८० च्या दशकापासून, विशेषतः १९९१ नंतर, वेग घेतला. या दोन देशांत जगाची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आहे. लोकसंख्येचा भार दिला, की तीच दोन दशके अभिसरणाची ठरतात. मात्र या दुसऱ्या संकल्पनेत बिहारमधील शेतमजूर आणि मुंबईतील उद्योजक या दोघांनाही भारताचे सरासरी उत्पन्न बहाल केलेले असते, हे विसरता कामा नये.

मोजमापाची आणखी एक पायरी किमतींची आहे. साताऱ्यातील केशकर्तनालयात आणि लंडनमधील केशकर्तनालयात काम तेच होते, मोल मात्र अनेक पटींनी वेगळे असते. बाजारातील विनिमय दराने तुलना केली, तर गरीब देश आहे त्याहून गरीब दिसतो. म्हणून क्रयशक्ती समतेचा वापर होतो आणि त्यासाठी जगभर किमती गोळा करण्याचा आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे. २००५ च्या फेरीत चीन प्रथमच सहभागी झाला, तर भारत १९८५ नंतर प्रथमच. निष्कर्ष आले तेव्हा या दोन्ही अर्थव्यवस्थांचा अंदाजित आकार सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. २०११ च्या फेरीने भारताचे स्थान पुन्हा वर नेले. या दरम्यान कोणाच्या घरातील धान्याचे एक पोतेही कमी-जास्त झाले नव्हते. बदलली होती ती मोजपट्टी. दोन टक्के वेगाची चर्चा करताना हा चाळीस टक्क्यांचा धडा ध्यानी असावा.

अलीकडचा पुरावा

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून चित्रात महत्त्वाचा बदल झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मायकेल क्रेमर व त्यांचे सहकारी, तसेच देव पटेल, जस्टिन सँडेफर आणि अरविंद सुब्रमणियन, यांनी स्वतंत्रपणे असे दाखवले की १९९० नंतर अपसरणाची प्रवृत्ती ओसरत गेली आणि पुढे गरीब देश कोणत्याही अटींशिवाय, सरासरीने थोड्या अधिक वेगाने वाढू लागले. त्याआधी २०१३ मध्ये डॅनी रॉड्रिक यांनी कारखानदारीपुरते पाहिले, तर कामगारांच्या उत्पादकतेत बिनशर्त अभिसरण आढळते, असे दाखवले होते. कारखाना कोठेही असो, जागतिक तंत्र तेथे पोहोचते. गरीब देशांची अडचण ही, की त्यांच्या श्रमिकांपैकी फारच थोडे त्या कारखान्यांत असतात. आपल्या देशात आजही सुमारे ४५ टक्के श्रमिक शेतीवर आहेत. रॉड्रिक यांच्या निष्कर्षाचा आपल्यासाठी अर्थ असा, की पूल अस्तित्वात आहे; पण तो अरुंद आहे.

या आशेलाही मर्यादा आहेत. अभिसरणाचा वेग अल्प होता, त्यात वस्तूंच्या चढ्या भावांचा आणि स्वस्त पतपुरवठ्याचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही, आणि २०२० च्या महामारीने अनेक गरीब देशांना पुन्हा मागे रेटले. मध्यम उत्पन्नाच्या पायरीवर अडकून पडणाऱ्या देशांचा प्रश्न तर वेगळाच आहे. जागतिक बँकेने २०२४ चा आपला विकास अहवाल त्यालाच वाहिला.

आपल्या घरातील अंतर

देशादेशांत सीमा असतात, चलने वेगळी असतात, कायदे वेगळे असतात. एका देशातील राज्यांत यांपैकी काहीच नसते. भांडवल आणि श्रम मुक्तपणे फिरतात. म्हणून सिद्धान्तानुसार राज्यांमधील अंतर अधिक लवकर मिटावयास हवे. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने भारताबाबत नेमका याच्या उलट निष्कर्ष नोंदवला. ज्या काळात जगातील देश आणि चीनमधील प्रांत एकमेकांच्या जवळ येऊ लागले, त्याच काळात भारतातील राज्यांची उत्पन्ने पांगत गेली. बिहारचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास घुटमळत राहिले, तर महाराष्ट्रासारखी राज्ये सरासरीच्या बरीच वर राहिली.

समतेच्या हेतूने आखलेले धोरणही अपसरण घडवू शकते, याचा अनुभव आपल्या गाठी आहे. १९५० च्या दशकात पोलादाची किंमत देशभर सारखी राहावी म्हणून मालभाडे समीकरणाचे धोरण आले. त्यामुळे बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश या खनिजसंपन्न राज्यांचा जवळिकीचा लाभ हिरावला गेला आणि खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम व दक्षिण भारतातील उद्योगांना, महाराष्ट्रातील उद्योगांनाही, हातभार लागला. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण मागे घेतले गेले. पण तोवर चार दशके उलटली होती.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १९९२-९३ मध्ये, केरळचा एकूण प्रजनन दर २.० आणि तत्कालीन अविभाजित बिहारचा ४.० होता. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ते अनुक्रमे १.८ आणि ३.० झाले. अंतर दोनवरून १.२ वर आले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. ते आता सत्तरीच्या घरात आहे. श्रीमंत देशांचे आयुर्मानही या काळात वाढले, पण इतक्या पटीने नाही. उत्पन्नाच्या बाबतीत न आलेली समीपता आरोग्याच्या बाबतीत आली. कारण लस, क्षारसंजीवनी आणि प्रशिक्षित दाई यांचे ज्ञान स्वस्त असते आणि ते पोहोचवणे शासनाच्या हाती असते.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी करवाटपाच्या सूत्रात उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भार दिला. अधिक उत्पन्न असलेल्या राज्यांतून याबद्दल नाराजीचा सूर वेळोवेळी उमटला. या वादात दोन्ही बाजूंनी अभिसरणाचा दाखला दिला जाऊ शकतो. अंतर आपोआप मिटणार असेल, तर साहाय्याची गरज काय, असे एक बाजू म्हणेल. इतकी वर्षे साहाय्य देऊनही अंतर मिटले नाही, तर ते व्यर्थ गेले, असे दुसरी म्हणेल. पहिल्या बाजूने सशर्त अभिसरणातील अट वगळली आहे. दुसऱ्या बाजूने केवळ उत्पन्नाची मोजपट्टी धरली आहे आणि साहाय्य नसते तर अंतर किती वाढले असते, हा प्रश्न विचारलेलाच नाही.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी नियोजन विभागात असेल, कोणी बँकेत, कोणी अध्यापनात. ‘अंतर कमी झाले’ किंवा ‘अंतर वाढले’ असे वाक्य तुमच्या पुढ्यात येईल, तेव्हा त्याखाली सही करण्यापूर्वी विचारा : यादीत कोण आहे आणि कोण गळाले? आरंभाचे आणि अखेरचे वर्ष कोणी निवडले? मोजले ते गुणोत्तर की फरक, वेग की विखुरणे? गणती देशांची की माणसांची, आणि कोणत्या किमतींनी? या प्रश्नांनी अंतर मिटणार नाही. परंतु जे अंतर आपोआप मिटत नाही, त्याला आपोआप मिटणारे समजून दुर्लक्षिले जाणे तरी टळेल. आणि जेथे प्रयत्नांना यश आले आहे, तेथे ते यश हिशेबातून निसटणार नाही.